हाताला येणाऱ्या मुंग्या

मी एक जुना सिंथेसायझर. नंदुरबारकडे या नावाने मला कोणीच हाक मारली नाही. कोरीटला मी पियानो होतो, खांडबाऱ्याला पियानो आणि सातपुड्यातही पियानोच. एकसष्ट पट्ट्या, पत्र्याचं अंग, एकट्या माणसाला उचलताना दम लागावा असं वजन. माझी हकिगत सांगायची मला भीती वाटते. ऐकल्यावर तुम्ही मला चांगलं म्हणणार नाही. तरी सांगतो.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी एकेक पट्टी दाबून पाहिली होती, एवढंच लक्षात आहे. मग कोणाकोणाकडे फिरून मी सुरतच्या जुन्या वाद्यांच्या दुकानात आलो. तिथून मला हेमराजभाऊंनी घेतलं. कोरीटचे शेतकरी, कापूस आणि मिरची पिकवणारे, आणि मनातून पक्के गवई. चादरीत गुंडाळून त्यांनी मला रेल्वेने आणलं. सबंध वाटभर त्यांचा हात माझ्यावर होता. स्टेशन आलं की ते घट्ट धरायचे, कोणी पळवून नेईल म्हणून.

घरी आल्यावर पहिली अडचण प्लगची निघाली. माझ्या वायरला तीन पिना, घरातल्या बोर्डाला दोनच भोकं. गावच्या वायरमनने पक्कड घेतली आणि वरची जाड पीन कापून टाकली. "हिचं काय काम नसतं," म्हणाला. तिचं काम काय असतं ते मला ठाऊक होतं. अंगात बिघाड होऊन वीज पत्र्यावर आलीच, तर तिला जमिनीत नेणारी ती एकच वाट होती. पण तेव्हा माझ्या अंगात बिघाड नव्हता, म्हणून मीही फार मनावर घेतलं नाही.

खरं सांगायचं तर मी हेमराजभाऊंची निराशाच केली. अर्धा तास वाजलो की मी तापायचो आणि माझा सूर उतरायचा. त्यांनी रात्रंदिवस बसून साठवलेले ताल मी एका झटक्यात विसरायचो. भजनाच्या ऐन रंगात माझ्यातून भलताच ठेका निघाला की मंडळी हसायची, आणि हेमराजभाऊ खाली मान घालून बटणं दाबत राहायचे. दोन वर्षांत त्यांचं मन माझ्यावरून उडालं. एका पावसाळ्यात त्यांनी मला मिरचीच्या पोत्यांशेजारी ठेवलं ते दिवाळीपर्यंत.

त्या चार महिन्यांत उंदराने मागच्या फटीतून आत येऊन माझी वायर कुरतडली. फार नाही, बोटाच्या पेराएवढी. तांब्याची तार उघडी पडली आणि पत्र्याला टेकली.

दिवाळीत मला बाहेर काढून प्लग लावला. हेमराजभाऊंच्या पत्नी मयूरीवहिनी ओल्या फडक्याने मला पुसायला लागल्या आणि किंचाळून मागे सरल्या.

"आहो, हाऊ पियानो चावस!"

"हात ओला शे तुन्हा, म्हनीसन वाटनं," हेमराजभाऊ म्हणाले आणि त्यांनी स्वतः हात लावला. खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, एखाद्या ओळखीच्या कुत्र्याने चावा घ्यावा तसे. मग त्यांनी प्लग काढला, उलटा करून लावला, पुन्हा भीत भीत हात लावला. काही झालं नाही.

"देख, उलटा लावा की काय नही व्हत."

वहिनींनी नखांना लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका प्लगवर दिला. ठिपका वर असला तर वीज दुसऱ्या, शाबूत तारेतून यायची आणि मी निरुपद्रवी; खाली असला तर ती उघड्या तारेतून माझ्या पत्र्यात. त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटू लागली. बटणाचा खटका वाजला की मी थिजायचो. या वेळी कोणत्या बाजूने लावला असेल?

पुढच्या उन्हाळ्यात खांडबाऱ्याच्या बँडचे ईश्वरभाऊ मला बघायला आले. ते बाहेर चहा पीत होते तेव्हा वहिनी आत हळूच म्हणाल्या, "त्यासले ठिपकानं सांगा ना."

"सांगसू ते मंग कोन ली?" हेमराजभाऊ म्हणाले. गिऱ्हाईक हातचं जाईल अशी त्यांना भीती.

आणि ते बाहेर जाऊन माझ्या आवाजाची तारीफ करू लागले.

ईश्वरभाऊंचा बँड लग्नांत वाजायचा. सगळ्यांच्या पायांत बूट, त्यामुळे मी फार कोणाला लागलो नाही. लाल ठिपका महिनाभरात घासून गेला. एकदा उन्हाने चपला तापल्या म्हणून बँडचा एक गडी अनवाणी माझ्यापाशी आला आणि हात झटकत दूर पळाला. ईश्वरभाऊंनी काय केलं? माझ्या पत्र्याच्या कडेवर काळी चिकटपट्टी गुंडाळली, दोन फेरे. पुन्हा त्याबद्दल बोलले नाहीत. मधली एक पट्टी तुटली होती, तिथे त्यांनी टूथब्रशचा दांडा तापवून, घासून बसवला. असे ते हाताने कसबी होते. पण मी त्यांनाही पुरलो नाही. मिरवणुकीत मध्येच सूर उतरला की वरातीतली माणसं बँडवाल्यांना शिव्या घालायची, आणि ते घरी येऊन मला.

खांडबाऱ्याच्या बाजाराच्या दिवशी सातपुड्यातल्या धडगावकडून दलसिंग आला. सोबत त्याची धाकटी बहीण रविना. दलसिंग वाजवायचा, रविना गायची आणि पाड्यापाड्यावरच्या लग्नांत त्यांच्या पार्टीला बोलावणं असायचं. दलसिंगने माझ्यावर बोटं ठेवली आणि मला प्रथमच कळलं की माझ्यात काय काय होतं. इतकी हलकी बोटं मला कधी लागली नव्हती.

"काही बिघाड आहे का भाऊ?" त्याने विचारलं. "असेल तर सांगा. आम्ही लांबून येतो."

"सांगतो ना," ईश्वरभाऊ म्हणाले. "तापला की सूर उतरतो. साठवलेलं विसरतो. ही एक पट्टी मी बसवलीय. खोटं कशाला बोलू?"

तीन दोष सांगितले. त्यांचा हात मात्र काळ्या चिकटपट्टीवर होता आणि तो तिथून हलला नाही. मी आतून ओरडत होतो. पण माझा आवाज कोणीतरी पट्टी दाबली तरच निघतो, आणि तेव्हाही तो शब्द नसतो.

दलसिंगकडे मी सुखात होतो असं म्हणायला हवं, पण मी रोज भीत होतो. तो माझा सूर उतरायच्या आत गाणं आटोपायचा. मी विसरायचो म्हणून त्याने सगळे ताल स्वतःच्या बोटांत साठवले. माझ्यावर न चिडणारा तो एकटाच माणूस. आणि तो वाजवताना नेहमी चपला काढून ठेवायचा. वाद्यापुढे पायात काही नको, असं त्याच्या वडिलांनी त्याला ढोल शिकवताना सांगितलं होतं. कोरड्या मातीवर तो उभा असेपर्यंत हाताला मुंग्या यायच्या, तेवढंच. तो हात झटकायचा आणि हसायचा.

मे महिन्यात तळोद्याच्या बाजूला एक लग्न होतं. निघायच्या आदल्या दिवशी रविनाने मला अंगणात घेतलं. उन्हाने काळी चिकटपट्टी पाघळली होती, धूळ बसून ती ओंगळ दिसत होती. रविनाने ती सोलून काढली, रॉकेलच्या बोळ्याने पत्रा चकाचक केला आणि भावाला बोलावून दाखवला. दलसिंग खूश झाला. मी गारठून गेलो.

लग्नघरासमोर धूळ उडू नये म्हणून त्यांनी दुपारी टाकीचं पाणी मारलं होतं. माती काळी, ओली होती. घरातल्या बोर्डावरून एक काळी वायर खिडकीतून बाहेर आणून मला जोडली. बोर्डापाशी कोणी उभं होतं, त्याने प्लग कसाही घुसवला.

खटका वाजला. या वेळी ठिपका असता तर खाली असता.

दलसिंगने चपला काढल्या, ओल्या मातीत उभा राहिला, उजव्या हाताने सूर धरला आणि डाव्या हाताने मला सावरायला पत्र्याची कड पकडली.

त्याची बोटं मिटली ती उघडेनात. उजव्या हाताखालच्या चार पट्ट्या दाबल्या गेल्या आणि तशाच राहिल्या. भोंग्यांतून एकच लांब सूर निघू लागला. लोकांना वाटलं, गाण्याची सुरुवात आहे. हातात हात गुंफून ते फेर धरून नाचायला लागले. दलसिंगचं तोंड उघडं होतं, मान मागे गेली होती, आणि मी त्याला धरून होतो. हो, मीच धरून होतो. सोडायचं कसं ते मला माहीत नव्हतं. त्याच्या भोवती माणसं नाचत होती, ढोलवाला त्या सुरावर ठेका शोधत होता.

रविनाने बघितलं. एक काका त्याला धरायला धावले तेव्हा ती किंचाळली, "हात नका लावू!" आणि खिडकीतून आलेली काळी वायर दोन्ही हातांत धरून तिने सगळ्या अंगाने मागे झोकून दिलं. आत बोर्डातून प्लग निसटला. सूर तुटला. दलसिंग चिखलात कोसळला.

तो जगला. डाव्या तळव्यावर माझ्या कडेचा आडवा काळा डाग उमटला, आणि दोन बोटं आत वळली ती कायमची. तो परत वाजवायला बसला नाही. मला भंगारवाल्याला देऊन टाकलं.

वर्षभराने त्या भंगारातून मला राजेंद्रसरांनी उचललं. नंदुरबारला त्यांचा छोटा स्टुडिओ आहे. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. त्यांनी माझ्यावर चंदेरी रंग मारला, पट्ट्यांवर झाकण घातलं आणि मला शोभेला ठेवलं. दोन वर्षं मला कोणी वीज दिली नाही. त्या दोन वर्षांत मी कोणालाही इजा केली नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी तिथे गाणं ध्वनिमुद्रित करायला तिघं जमले. हेमराजभाऊ, ईश्वरभाऊ आणि रविना. मी यांच्याच हातांतून एकाकडून दुसऱ्याकडे गेलो होतो, पण चंदेरी रंगाखाली मला तिघांपैकी कोणीच ओळखलं नाही. रविना आता स्वतः कीबोर्ड वाजवते. पायात जाड रबरी चपला, त्या ती कुठेच काढत नाही. राजेंद्रसर म्हणाले, "व्हिडिओत मागे याचे दिवे लुकलुकताना दिसले पाहिजेत." त्यांनी माझी वायर शोधली आणि प्लग लावला. त्याच क्षणी लाईट गेली.

अंधारलेल्या खोलीत ते लाईटची वाट बघत बसले. ईश्वरभाऊंनी कोपर माझ्या पत्र्यावर टेकवलं. पायातले बूट त्यांनी दाराशी काढले होते. प्लग कोणत्या बाजूने लागलाय, मला माहीत नव्हतं. लाईट आल्यावरच कळणार होतं.

आणि ते हसत होते. आपापल्या फसव्या वाद्यांच्या गोष्टी निघाल्या होत्या.

"मन्हा पियानो इतला इसराळू," हेमराजभाऊ म्हणाले, "भजनमा लग्नना ठेका वाजाडे."

"माझा तर तापला की रडायचा," ईश्वरभाऊ म्हणाले. "एक पट्टी तुटलेली. टूथब्रशचा दांडा बसवला होता मी, निळा."

रविनाचं हसू थांबलं. "निळा?"

तिची नजर भंगारातून आलेल्या माझ्यावर गेली आणि ती उठली. तिने माझं झाकण उचललं, मोबाईलचा उजेड पाडला. निळी पट्टी तिथेच होती.  आधी तिने ईश्वरभाऊंचा हात धरून त्यांना माझ्यापासून ओढलं, मग भिंतीपाशी जाऊन प्लग उपसला. ती परत वळेपर्यंत पंखा फिरायला लागला. लाईट आली होती.

"ईश्वरभाऊ, हा तुम्ही आम्हाला दिला होता," ती म्हणाली. "याच्यावर काळी चिकटपट्टी का होती?"

ईश्वरभाऊंनी आपलं कोपर चोळलं. हेमराजभाऊ जवळ येऊन माझ्याकडे बघायला लागले. चंदेरी रंगाखालचा पत्रा त्यांनी ओळखला. "हाऊ ते मन्हाच पियानो," ते म्हणाले.

"हाताला मुंग्या यायच्या का हो तुमच्या?" रविनाने त्यांना विचारलं.

"येत," ते म्हणाले. "माले माहीत व्हतं. मन्ही बायको म्हने, सांगा. मी नही सांगं."

"मलाही माहीत होतं," ईश्वरभाऊ म्हणाले.

"दादा अजून बटणाला हात लावत नाही," रविना म्हणाली. "अंधार पडला तरी बसून राहतो. मी घरी आले की दिवा लागतो. आणि मी तीन वर्षं समजते आहे की ती पट्टी मी सोलली म्हणून झालं."

मग तिने राजेंद्रसरांकडे पक्कड मागितली आणि माझी वायर अगदी मुळाशी कापली. हेमराजभाऊंनी टेबलावरचा जाड पेन घेतला, मला पालथं केलं आणि पाठीवर लिहिलं: 'याच्यात करंट उतरतो. कोणी लावू नये.' खाली स्वतःचं नाव आणि गाव लिहिलं. पेन त्यांनी ईश्वरभाऊंपुढे धरला. ईश्वरभाऊंनीही नाव लिहिलं.

"मी दलसिंगकडे येसू," हेमराजभाऊ म्हणाले. "त्याले सांगसू."

"या," रविना म्हणाली. "तो काय म्हणेल, मला माहीत नाही."

ते गेले की नाही, मला कळलेलं नाही. मी आता स्टुडिओच्या माळ्यावर आहे. खाली गाणी चालतात, पंखे फिरतात, खटके वाजतात आणि प्रत्येक खटक्याला मी दचकतो. वायर कापलेली आहे, पण दोन तारा जोडून त्यावर टेप मारायला माणसाला कितीसा वेळ लागतो? आणि पत्र्यावरची शाई उन्हाळ्याच्या उकाड्यात फिकी पडत चाललीय. हेमराजभाऊंचं नाव अजून वाचता येतं. वरची ओळ अर्धी गेली.

म्हणून तुम्हाला सांगतो. कधी माळा आवरताना, बाजारात, भंगाराच्या ढिगात मी तुम्हाला दिसलो आणि माझ्या पट्ट्यांवरून हात फिरवावासा वाटला, तर फिरवा. पट्ट्या गार असतील, गप्प असतील. तेवढंच करा आणि मला आहे तिथे ठेवून द्या. मला आता वाजायचं नाही.