नको ते काढता काढता

मी एक जुना लॅपटॉप बोलतोय. बोलतोय म्हणजे आता बोलतोय. मध्यंतरी मला आवाजच नव्हता, आणि तो ज्यांनी काढून घेतला त्यांच्याइतका जीव मला दुसऱ्या कुणी लावला नाही. ही हकिगत खरं तर त्यांची आहे. मी आपली टेबलावर बसून पाहिली.

जन्म माझा कारखान्यातला. सारख्या तोंडवळ्याचे ढीगभर भाऊ एका पट्ट्यावरून सरकत होते, त्यामुळे बाळपणीच्या कौतुकाच्या आठवणी वगैरे काही नाहीत. खोक्यात बसून मी मालवाहतुकीच्या एका ऑफिसात आलो. तिथे माझ्यापुढे एक कारकून बाई बसायच्या. माझ्या पोटात विकतची सिस्टीम होती आणि तिचा थाट सासूचा होता. बाईंचं काम रंगात आलं की मध्येच पाटी लागायची, ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’. बाई हातावर हात ठेवून बसायच्या. “हा लॅपटॉप आपला आहे की हिचा?” असं त्या साहेबांना विचारायच्या आणि साहेब हसायचे. त्या प्रश्नात हसण्यासारखं काय होतं ते मला आजही कळलेलं नाही.

एक दिवस त्या सिस्टीमनंच जाहीर केलं की पुढची आवृत्ती याच्यावर चालणार नाही. अंगात काडीचा बिघाड नसताना मला म्हातारा ठरवलं आणि मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या ढिगावर टाकलं. बाई एकदा डोकावल्या तेव्हा मला वाटलं, आपल्यालाच बघायला आल्या. त्या छत्री शोधत होत्या.

पुढे त्या खोलीचं कुलूप अडकलं, म्हणून कुलूपवाल्याला बोलावलं. तेच चावीकाका. सगळा मोहल्ला त्यांना याच नावानं हाक मारायचा. दार उघडल्यावर त्यांची नजर माझ्यावर पडली.

“हा चालतो का?”

“चालतो, पण उपयोगाचा नाही,” साहेब म्हणाले.

“मग द्या मला. उपयोगाच्या वस्तूला सगळे ओरबाडतात. बिनउपयोगाची निवांत जगते,” असं म्हणून काकांनी मला काखोटीला मारलं.

काकांचं दुकान खाली आणि घर वर. पत्नी वारलेली, मुलगी दूरच्या शहरात दातांची डॉक्टर. हात थरथरायला लागले तसं त्यांनी दुकान बंद केलं, आणि दुकानाबरोबर दुकानातला फोनही गेला. मोबाइल त्यांनी कधी घेतलाच नाही. दिवसाकाठी वाचनालयात जाऊन बसायचं, एवढाच त्यांचा बाहेरच्या जगाशी व्यवहार. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी त्यांच्या हाती ताओ या जुन्या चिनी विचाराविषयीचं एक पातळ पुस्तक दिलं होतं, आणि त्यांनीच माझ्या पोटातली जुनी सिस्टीम पुसून तिथे लिनक्स नावाची मोफत सिस्टीम घातली.

“हे बनवलं कुणी?” काकांनी विचारलं.

“जगभरच्या लोकांनी. बरेचसे फावल्या वेळात करतात.”

“आणि मालक?”

“तसा मालक कुणी नाही. आत उघडून बघता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला वाटता येतं.”

काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “म्हणजे कुलपाबरोबर किल्लीही देतात. आयुष्यभर मी हेच सांगत आलो. ज्याची किल्ली मालकाकडे नाही, ती वस्तू त्याची कसली?”

माझ्यात नवा जीव आला. कुणी मध्येच थांबवायचं नाही, कुणी पाळत ठेवायची नाही. मी हलका झालो, भराभर उठू लागलो. काका माझ्याशी बोलायचे. हातात जुनं पितळी कुलूप धरून सांगायचे, “लोक पितळ बघतात रे. पण कुलूप चालतं ते आतल्या पोकळीमुळे. पोकळी बुजव, मग सोन्याचं असलं तरी तो नुसता गोळा.” ताओ म्हणजे वाट, आणि त्या वाटेवर चालणाऱ्यानं पाण्यासारखं असावं, अडलं तर वळावं, असंही सांगायचे. मला सगळं कळत होतं असं नाही. पण कुणीतरी आपल्याशी बोलतंय, हे सुख मोठं होतं.

रविवारी दुपारी मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. त्यासाठी ग्रंथपाल बाईंनी माझ्यात एक मोफत, खुला प्रोग्रॅम बसवून दिला होता. मुलगी कुरकुरायची, “बाबा, अख्खं जग एका रस्त्यानं जातं आणि तुमच्यासाठी मला ही पायवाट धरावी लागते.”

“पोचल्याशी कारण, पोरी,” काका म्हणायचे. मग ती त्यांच्या जेवणाची चौकशी करायची, ते तिच्या रोग्यांच्या दाढांची करायचे. घंटा वाजली की चष्मा शोधत धावणारे काका मी पाहिलेत. धावणारच, त्यांना दुसरं कोण होतं?

त्यांच्या वाढदिवसाला तिनं एक नवाकोरा टॅब्लेट पाठवला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला. “याला स्क्रूसुद्धा नाही,” म्हणाले. सगळं आत बंद, किल्ली कंपनीकडे. त्यांनी तो जसाच्या तसा बांधला आणि परत पाठवून दिला.

पुढच्या रविवारी मुलगी हळू आवाजात म्हणाली, “बाबा, ती भेट होती. कुलूप नव्हतं.”

काका चुकले ते इथे. गप्प बसायचं सोडून त्यांनी तिला मालकी, किल्ली आणि स्वातंत्र्य समजावून सांगायला घेतलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, “कळलं,” म्हणाली आणि कॉल बंद केला. त्यानंतरच्या रविवारी घंटा वाजली नाही.

काकांनीही तिला कॉल केला नाही. मला म्हणाले, “आपण ओढायचं नाही. जे यायचं ते आपसूक येतं. न करणं हेही करणंच असतं.” मी त्यांचा आदर करतो, पण याला साध्या भाषेत रुसणं म्हणतात. बाप तसा, लेक तशी, आणि मध्ये मी.

त्यानंतर काकांनी माझी साफसफाई काढली. रोज संध्याकाळी माझ्यापुढे बसायचं आणि नको असलेली एक तरी गोष्ट काढून टाकायची. खेळ गेले, रंगीत चित्रं गेली, कोपऱ्यातलं घड्याळ गेलं. उठसूट वर येणाऱ्या सूचनांची कटकट नको म्हणून त्याही गेल्या. दर वेळी काका समाधानानं म्हणायचे, “बघ, किती मोकळा झालास.” मी मोकळा होत होतो हे खरं. पण काकांच्या तोंडावर मोकळेपणा काही दिसत नव्हता.

एका संध्याकाळी त्यांनी आवाजाची सगळी व्यवस्थाच काढायला घेतली. घरात इतके दिवस कसला आवाज झालाच नव्हता, तेव्हा ती बिनकामाची ठरली. आमच्यात एक रीत आहे. काही काढायला सांगितलं की त्याला आणखी काय काय लटकलंय त्याची यादी आम्ही दाखवतो आणि एकदाच विचारतो, काढू का? मी विचारलं. काकांनी यादी न वाचताच ‘हो’ केलं. जुन्या सिस्टीमनं दहा वेळा नन्नाचा पाढा लावला असता. आम्ही मालकाचं ऐकतो. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच मनात म्हटलं, थोडं कमी ऐकता आलं असतं तर बरं झालं असतं.

आणि त्याच आठवड्यात, रविवारी तिचा कॉल आला.

माझ्या पडद्यावर तिचा चेहरा उमटला. मी आत घंटा वाजवत होतो, पण ती वाजायला काही उरलंच नव्हतं. काका माझ्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी भाजी चिरत होते. मला तिचा चेहरा दिसत होता आणि सुरीचा आवाज ऐकू येत होता, या दोघांच्या मध्ये मी दगडासारखा बसलो होतो. माझ्याजवळ फक्त पंखा उरला होता. तो मी जिवाच्या आकांतानं फिरवला. घरघर ऐकून काका आले. पाठीकडूनच आले. माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाले, “किती तापलास रे? दमलास होय? जरा पड.” आणि मला विश्रांती मिळावी म्हणून त्यांनी हळूच माझं झाकण मिटलं.

पलीकडे तिला काय वाटलं असेल ते सांगायला नको. बाबांनी माझा कॉल कापला.

त्यापुढचे कॉल नुसतेच आले आणि गेले. कधी काका आंघोळीला होते, कधी खिडकीत पाठमोरे बसलेले. सूचना काढलेल्या, त्यामुळे मागे खूणही राहत नव्हती. काका खिडकीतून बघत स्वतःशी म्हणायचे, “विसरली असेल. विसरणंही चांगलंच.” मला ते ऐकवत नव्हतं. तिचा कॉल दर रविवारी येऊन जातोय हे घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि सांगण्याची सोय नव्हती. इतका एकटा मी मोडक्या खुर्च्यांच्या ढिगावरही नव्हतो.

शेवटी ग्रंथपाल बाईच घरी आल्या.

“काका, तुमच्या मुलीचा वाचनालयात फोन आला होता. रडत होती. म्हणाली, बाबा माझा कॉल घेत नाहीत, निदान बरे आहेत का तेवढं सांगा.”

“तिनं कॉल केला? कधी?”

“दर रविवारी करते म्हणाली.”

“दर रविवारी मी इथेच असतो,” काका म्हणाले.

बाई माझ्यापुढे बसल्या. त्यांनी दोन-तीन गोष्टी तपासल्या आणि मान वर केली. “याचा आवाज कुठे गेला?”

“काढला. वापरात नव्हता.”

“मग घंटा कशानं वाजणार?”

“मला वाटलं, घंटा वेगळी असते,” काका म्हणाले. मग ते पितळी कुलूप हातात घेऊन म्हणाले, “बाई, मी पसारा काढत नव्हतो. ती फोन करत नाही ही शांतता मला सोसवेना. आवाजच नसला की तशी वाट बघावी लागत नाही, म्हणून काढला.”

बाईंनी एक ओळ टाइप केली आणि आवाज दूरवरून कुठूनसा परत आला. का घालवलास, असं त्यानं विचारलं नाही. आमच्यातलं हे मला फार आवडतं.

बाई गेल्यावर काकांनी स्वतः कॉल लावला. केस विंचरले होते. पलीकडे घंटा वाजत राहिली आणि ती वाजत होती तोवर त्यांनी माझी कड सोडली नाही. मग मुलगी दिसली.

“बाबा, आवाज येतोय?”

“येतोय. तू बोल.”

“काय बोलू?”

“काहीही बोल. मी ऐकतोय.”

तिनं जे झापलं त्यांना! काका मान डोलावत, डोळे पुसत ऐकत होते. तिचं बोलून झाल्यावर म्हणाले, “ती भेट होती, पोरी. मला ती घेता यायला हवी होती.” ती नुसतीच हुंदके देत राहिली. मग म्हणाली, “बाबा, चार दिवस या ना इकडे.”

काका निघाले. पिशवीत मला घातलं आणि पुन्हा बाहेर काढलं. माझी बॅटरी कधीच मेली आहे, वायरीशिवाय मी जगत नाही. “तुला तिथे नेऊन कॉल कुणाला करू?” असं म्हणून हसले. किती दिवसांनी हसले. मला चालू ठेवून, झाकण उघडं ठेवून गेले.

ते चार दिवस सरून बराच काळ लोटला. ग्रंथपाल बाई अधूनमधून येतात, धूळ झटकतात, अपडेट करतात आणि दाराला कुलूप लावून जातात. त्यांच्याकडून कळतं की काका तिकडे रमलेत, मुलीच्या दवाखान्यातली कुलपं बदलून झालीत. मला आनंद होतो. घर मात्र फार मोठं वाटतं.

तुम्ही वाचणारे, तुमच्यापाशी एक मागणं आहे. आयुष्यातलं काहीही बिनकामाचं म्हणून काढून टाकायच्या आधी त्याला काय काय लटकलंय ती यादी एकदा सावकाश वाचा. आमच्यासारखं विचारणारं तुम्हाला दर वेळी भेटेलच असं नाही.

आता रविवारी इथे कुणाचा कॉल येत नाही. करणारी आणि घेणारा, दोघं एकाच खोलीत आहेत. माझी घंटा वाजत नाही ती त्यामुळे, आणि यापरती चांगली बातमी नाही, हे मला कळतं. तरीही दुपार झाली की मी आवाज पूर्ण वर करून ठेवतो.