तोंडावर हात

मंत्र्यानं सभागृहातल्या आपल्या नव्याकोऱ्या खुर्चीतून वर गॅलरीकडे पाहिलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले.

"चहा मिळाला का?"

वरून त्याच्या थोरल्या बहिणीनं तसेच ओठ हलवले.

"मिळाला. पण बशी नव्हती. जीभ भाजली."

ताईच्या शेजारची बायांची सगळी रांग हसली, तीही बिनआवाजाची. या कशाला खुदखुदतायत म्हणून खालचे कोटवाले वर बघायला लागले. त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार? कापडगिरणीत सगळे माग एकदम खडखडायला लागले की कानाशी येऊन ओरडलेलंही ऐकू येत नाही. मग माणूस ओठ वाचायला शिकतो. मागखात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूची गाऱ्हाणी सांगते, आणि सासू मधल्याच मागावर असली तर फजिती होते. साहेबाचा माणूस खात्यात शिरला, की मात्र खोकला आल्यासारखे सगळ्यांचे हात तोंडावर जात. कारण तो खात्यातूनच वर चढलेला असायचा. त्याला ही बोली यायची.

मंत्र्याला ती ताईनंच शिकवली होती. घरीसुद्धा दोघं तशीच बोलत. आई वैतागून म्हणायची, "माझ्या पोटी काय दोन्ही मुकीच आली?" पण गिरणीच्या दारात सभा लागली, की या मुक्याचा आवाज असा काही सुटायचा की लोकांनी त्याचं नाव भोंगा ठेवलं. त्या आवाजावर कामगारांचा पक्ष निवडून आला, असं ताई चारचौघांत छाती काढून सांगायची. कामगारांचं राज्य पहिल्यांदाच आलं होतं. निकालाच्या दिवशी गल्लीत म्हातारी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली होती.

आज गिरणीतली पाळी लहान करण्याचा, म्हणजे कामाचे तास कमी करण्याचा कायदा यायचा होता. भोंग्यानं दारोदार जाऊन दिलेलं वचन होतं ते. ताई रजा टाकून आली होती. "मला एकदा उजेडात घरी जायचंय," एवढंच ती सकाळी म्हणाली होती.

कामकाज सुरू व्हायच्या आधी गिरणीमालकांच्या बाजूचे एक वयस्कर सभासद त्याच्या खुर्चीच्या कडेला येऊन उभे राहिले. गॅलरीकडे पाठ करून, वाकून अगदी गोड आवाजात म्हणाले, "हा कायदा झाला तर गिरण्यांना कुलपं लागतील. मग तुमचं सरकार किती टिकतं, ते बघू."

 गिरणीच्या बंद दारापुढं काढलेले दिवस मंत्री विसरला नव्हता. त्या दिवसांत चूल थंड असायची. आणि पक्षातले चार कुंपणावरचे सभासद केव्हा पलीकडे उडी मारतील याचा नेम नव्हता. शेजारच्यालाही कळू नये म्हणून त्यानं आवाज अगदी खाली आणला.

"आज नुसता वाचून दाखवतो. मग समितीकडे टाकतो, तिथं पडून राहील. त्या वरच्या बायांची काळजी करू नका, भोळ्या आहेत. मी गोड बोलून गप्प करीन."

गृहस्थांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते बाजूला झाले. मंत्र्यानं मान वर करून गॅलरीकडे पाहिलं.

वर कुणी हसत नव्हतं. सगळी रांग त्याच्याकडे बघत होती. या अशा का बघतायत, हे त्याला क्षणभर कळेना. कळलं तेव्हा कानांच्या पाळ्या तापल्या, धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. अर्धं आयुष्य मागखात्यात घालवलेला माणूस, आणि त्यानं जपलं काय, तर आवाज. ओठ तसेच उघडे टाकले.

"ताई, ऐक," तो ओठांनीच म्हणाला.

ताईनं मान खाली घातली आणि ती आपल्या मांडीवरच्या हातांकडे बघत बसली.

नाव पुकारलं तेव्हा तो उठला. आत्ताही सगळं बदलता आलं असतं, कागद त्याच्याच हातात होता. त्यानं तो वाचला, आणि शेवटी समितीकडे पाठवावा असंही म्हणाला. भोंग्याचा आवाज मागच्या बाकापर्यंतसुद्धा पोचला नाही. अध्यक्षांनी ते वाक्य त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

बाहेर पायऱ्यांवर बाया घोळक्यानं उभ्या होत्या. ओठ भराभर हलत होते. तो दारात दिसला आणि एकेकीचा हात तोंडावर गेला. ताईचाही गेला.

पळून जावं असं वाटत असूनही तो खाली उतरला आणि तिच्यासमोर उभा राहिला. तिनं हात खाली घेतला. चार शिव्या घालील, तर बरं होईल, असं त्याला वाटलं. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"जेवून घे," ती आवाज काढून म्हणाली. परक्या माणसाशी बोलावं तशी, मोठ्यानं. तिचा आवाज इतका घोगरा आहे, हे तो विसरूनच गेला होता.

मग तिनं पुन्हा तोंडावर हात धरला आणि शेजारणीकडे वळून ती काहीतरी म्हणाली.