पाठवणीची लय

बँड जुना झाला की त्याची लय बदलते, हे शिवाजी पेठेत कुणाला सांगावं लागत नाही. फुटबॉल आणि बँड या दोन गोष्टींवर मत नसलेला माणूस आमच्या पेठेत अजून जन्माला यायचाय. चाल तीच, वाजवणारे तेच, पण वीस वर्षांपूर्वी सावकाश चालणारी चाल आता पळायला लागते. मग चहाच्या गाड्यावर कारणं निघतात. कुणी म्हणतं, तेच तेच वाजवून कंटाळलेत. कुणी म्हणतं, पुढचं लग्न गाठायचं असेल. आणि सगळ्यांत जास्त लोक म्हणतात, ड्रमवाला म्हातारा झाला, त्याचा हात आता आवरत नाही.

तो ड्रमवाला मी, शमशुद्दीन. नबीलाल ब्रास बँडमध्ये एकतीस वर्षं साइड ड्रम गळ्यात अडकवून चालतोय. हात आवरत नाही म्हणे! ज्यांना टाळीसुद्धा ठोक्यावर वाजवता येत नाही ते मला हात शिकवतात. ऐकून ऐकून माझे कान किटले होते, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

कारण खरी गोष्ट ड्रममध्ये नव्हतीच, ती नबीलालच्या छातीत होती.

नबीलाल आमचा मास्तर, क्लॅरिनेट वाजवायचा. आम्ही एका गल्लीत वाढलो, एकाच वर्षी बँडचा लाल कोट अंगावर चढवला. त्याच्या वडिलांनी बसवलेली एक चाल म्हणजे आमच्या बँडची ओळख. मुलगी सासरी निघाली की ती वाजवायची, म्हणून आम्ही तिला पाठवणीच म्हणत असू. मांडवाच्या दारापासून गाडीपर्यंत मुलगी या चालीवर चालते. ठोक्याला पाऊल टाक असं तिला कुणी सांगत नाही, पण पाय आपोआप ऐकतात. तिसऱ्या ओळीत सगळा बँड थांबतो. फक्त ड्रम चालू राहतो आणि क्लॅरिनेटचा एक लांब सूर निघतो, बरोबर सोळा ठोके. त्या सुरावर मुलगी वळून आईकडे बघते. एवढा सूर एका श्वासात काढायचा. मध्येच तुटला तर चाल मेलीच म्हणायची.

लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला धिमं वाजवणं सोपं आणि जलद अवघड. साफ उलटं आहे. लय धिमी तितका सूर लांब, आणि सूर लांब तितका दम जास्त लागतो. दोन वर्षांपूर्वी राधानगरीकडच्या एका लग्नात नबी त्या सुराला आला आणि मी त्याच्या मानेकडे बघितलं. शिरा तट्ट फुगल्या होत्या, कानाच्या पाळ्या काळ्या पडत चालल्या होत्या. माझा हात मला न विचारता पुढं गेला. मी लय वाढवली, सोळा ठोके लवकर संपले आणि सूर पुरा झाला. नबीनं तोंड पुसलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली.

त्यानंतर दर लग्नात मी तेच करत आलो. एकदम पळवलं तर लोकांना कळतं. पहिली ओळ जुन्या लयीत धरायची, दुसऱ्या ओळीत भाकरी थापताना हात वाढत जातो तसं हळूहळू वाढवत न्यायचं, तिसरी ओळ येईपर्यंत नबीचा दम पुरेल एवढ्यावर आणून ठेवायचं. दोन वर्षांत आम्ही यावर एक शब्द बोललो नाही. काय बोलणार? क्लॅरिनेटवाल्याला दम उरला नाही ही बातमी एकदा पेठेत फुटली की त्या माणसाचं क्लॅरिनेट कायमचं पेटीत जातं. नबीला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोच होतं. तेव्हा बोलणी मी खात होतो.

सत्त्याहत्तर सालच्या मे महिन्यात अप्पांच्या मीनाक्षीचं लग्न ठरलं. अप्पा म्हणजे आमच्या पेठेतले निवृत्त शाळामास्तर, अर्ध्या पेठेला त्यांनी पाढे शिकवलेले. एकोणतीस वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या लग्नात नबीनं पाठवणी वाजवली होती. आठ दिवस आधी ते आमच्या बँडच्या दुकानावर आले आणि बाकड्यावर बसले.

"नबीलाल, माझ्या लग्नात वाजवलीस तश्शीच पायजे," ते म्हणाले. "सावकाश. आमची ही तवा गाडीपतोर कशी चालत आलेली, अजून डोळ्यापुढं हाय माझ्या. न्हाईतर हल्ली तुमचा बँड मागं कुत्रं लागल्यागत पळतोय, राग मानू नका."

नबी हसला आणि मान डोलावली. उत्तर दिलं ते त्याच्या हुसेननं. हुसेन नबीचा थोरला, अठ्ठावीस वर्षांचा, ट्रम्पेट वाजवतो आणि बँडची सगळी बोलणी तोच करतो. पोरगा कामाचा आहे, पण जिभेला लगाम नाही.

"अप्पा, बिनघोर ऱ्हावा," तो म्हणाला. "न्हाई पळणार. माझी जबाबदारी." आणि हे म्हणताना त्यानं बघितलं माझ्याकडे.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या मागच्या खोलीत आम्ही कोट चढवत होतो. अक्षता पडल्या होत्या, जेवणं उरकत आली होती, तीनला पाठवणी होती. सगळे वाजवणारे समोर असताना हुसेन माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"चाचा, एक सांगतो. आज हात आवरा. मलकापूरच्या केरबाला मी सांगून ठेवलंय. आज चाल पळाली तर फुडच्या लग्नाला ड्रम त्याच्या गळ्यात."

झांजवाला उगीचच बूट बांधायला वाकला. ज्या पोराला मी खांद्यावर बसवून पंचगंगेवर पोहायला नेलं, ते पोरगं मला दहा माणसांत हे सांगत होतं. मी नबीकडे बघितलं.

नबी खुर्चीवर बसून क्लॅरिनेटची पत्ती तोंडात भिजवत होता. वाजवण्याआधी ती बांबूची पातळ पत्ती ओली करावी लागते. दोन मिनिटं पुरतात. मी वाट बघितली. म्हटलं, आता काढेल आणि बोलेल. एवढंच म्हणाला असता की, हुसेन, चाचाला काय बोलू नगंस, तरी मला पुरलं असतं. पाव तास झाला, नबीनं पत्ती तोंडातून काढली नाही.

माझं टाळकं फिरलं. दोन वर्षं याच्यासाठी मी पेठेची थट्टा पोटात घातली, आणि याला दोन ओठ उघडवेनात! मी ड्रम गळ्यात अडकवला, दोऱ्या आवळल्या.

"हुसेन," मी म्हटलं, "धिमं पायजे न्हवं? मिळंल. पोटभर मिळंल."

तीन वाजता आम्ही दाराशी उभे राहिलो. ऊन मी म्हणत होतं. गाडी पन्नास पावलांवर, बॉनेटवर झेंडूची माळ. मीनाक्षी बाहेर आली तशा बायका हुंदके द्यायला लागल्या. नबीनं क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि मी पहिला ठोका टाकला.

धिमा टाकला. अप्पांच्या लग्नात होता त्याच्याहून धिमा. मीनाक्षीचं पाऊल जपून पडलं. अप्पा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. मागून बायका कौतुकानं बोलताना ऐकू आल्या. हुसेननं ट्रम्पेटच्या वरून माझ्याकडे बघून मान हलवली, शाबास म्हटल्यासारखी. ती शाबासकी मला चटक्यासारखी लागली.

दुसरी ओळ आली. इथून मी वाढवायला लागतो, हे नबीला पाठ होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी समोर गाडीकडे बघत राहिलो. त्यानं ओळीच्या मध्येच श्वास घेतला, कधी घेत नसे अशा जागी. परत माझ्याकडे बघितलं. मला ते दिसत होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून सगळं दिसत होतं, आणि माझा हात दगडासारखा त्याच लयीत पडत होता.

तिसरी ओळ. बँड थांबला, सूर निघाला.

मी ठोके मोजत होतो. चार. सूर सरळ होता. सहा. मीनाक्षी वळली आणि आईकडे बघायला लागली. आठव्याला नबीची कोपरं बरगड्यांना चिकटली. नवव्याला शिरा फुगल्या. दहाव्याला कानाच्या पाळ्या काळ्या पडायला लागल्या, आणि मला वाटलं, बस्स झालं शमशुद्दीन, आता सोड लय. तेवढ्यात मला ती तोंडातली पत्ती आठवली. मी अकरावा ठोका तसाच टाकला.

बाराव्याला सूर तुटला.

आधी एक चिरका आवाज आला, मग नुसती हवा. नबीनं मांडवाचा बांबू धरला. माझ्या काठ्या हवेतच राहिल्या. मीनाक्षी होती तिथं थांबली, एक पाऊल पुढं आणि तोंड मागं. पुढं जाववेना, मागं येता येईना. "अगं बाई, मधीच थांबलं!" कुणीतरी बाई म्हणाली, आणि कुजबुज सगळ्या मांडवभर पसरली. मीनाक्षीच्या आईनं पदर तोंडात धरला. अप्पांनी डोळे उघडले.

हुसेननं ट्रम्पेट ओठाला लावलं आणि खाली घेतलं. तो सूर त्याला येत नव्हता. बापानं तो अजून कुणालाच दिला नव्हता.

पोरीच्या पाठवणीत आम्ही हे करून ठेवलं होतं. आम्ही कशाला, मी करून ठेवलं होतं. मी काठ्या उचलल्या आणि एकट्यानं ठोका सुरू केला. जलद. दोन वर्षं ज्या लयीत नबीला सांभाळलं त्याच लयीत.

"नबी," मी म्हटलं, "घे. हाय मी."

त्यानं बांबू सोडला. दोन श्वास घेतले, क्लॅरिनेट उचललं आणि तो सूर पहिल्यापासून धरला. चार, आठ, बारा. मी त्याच्या मानेवरून नजर हलवली नाही. चौदा. पंधरा. सोळा. सूर पुरा झाला आणि बँड गरजला. मीनाक्षी आईकडे बघून रडली, मग पाय उचलत गाडीपर्यंत गेली. गाडीचं दार लागेपर्यंत आम्ही थांबलो नाही.

एकच सूर, एकदा धिमा आणि एकदा जलद, एकामागून एक. लोकांना त्यात काय कळलं असेल ते असो, हुसेनला कळलं. त्याचा चेहराच उतरला. तो बापाकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग परत बापाकडे.

कार्यालयाच्या मागं पाण्याची टाकी होती. नबी तिच्या कट्ट्यावर बसला. हुसेननं तांब्या आणून दिला आणि बाजूला उभा राहिला. नबीला दोन घोट घेताना चारदा थांबावं लागलं.

"शमशू," तो म्हणाला, "दोन वर्सं धरलास. आज का सोडलास?"

माझ्याकडे उत्तरं ढीगभर होती. पोरानं केलेला अपमान होता, केरबा होता, गाड्यावरची टिंगल होती. त्यातलं एकच बाहेर आलं.

"तू तोंडातली पत्ती काढली न्हाईस."

त्यानं तांब्या कट्ट्यावर ठेवला.

"काढली असती तर खरं बोलावं लागलं असतं," तो म्हणाला. "आन खरं बोललो असतो तर आजच ह्ये पेटीत गेलं असतं. समदं तुझ्या अंगावर येतंय, म्हाईत हुतं मला. मला वाटलं, तू सोसशील."

मला तोपर्यंत राग होता. तो राग तिथंच टाकीपाशी विरला आणि मला भयंकर लाज वाटली. सोसलं होतंच की मी दोन वर्षं! अजून सोळा ठोके सोसायचे होते, तेवढे मला जमले नाहीत.

नबीनं क्लॅरिनेट सुटं केलं, एकेक तुकडा फडक्यानं पुसला, पेटीत ठेवला आणि पेटी हुसेनच्या हातात दिली. हुसेन माझ्या पायाशी वाकायला लागला. मी त्याला वर उचललं. त्या पोराचं काय चुकलं होतं? त्याला आम्ही दोघांनी कधी काही सांगितलंच नव्हतं.

मलकापूरचा केरबा आला नाही. त्या पावसाळ्यात नबीनं हुसेनला दुकानात बसवून क्लॅरिनेटवर पाठवणी शिकवली, तो लांब सूरसुद्धा. पेठेत सगळे म्हणाले, मास्तरनं पोराला मान दिला, मोठ्या मनाचा माणूस. मीनाक्षीच्या लग्नाबद्दल म्हणाले, त्या दिवशी शमशुद्दीननं घोळ घातला, आधी मुंगीसारखा रांगला आणि मग पळत सुटला, बिचाऱ्या मास्तरनं कसंबसं सावरून नेलं.

हुसेनची छाती तरणी आहे. सोळा काय, वीस ठोके पुरवील. या हंगामात आम्ही पाठवणी सावकाश वाजवतो, अप्पांना हवी होती तशी. माझा हात कुठंही पुढं जात नाही, कारण आता जायची गरजच नाही.

गेल्या आठवड्यात नबी आणि मी दुकानाच्या बाकड्यावर बसलो होतो. अप्पा रस्त्यानं चालले होते, थांबले. आदल्या दिवशी कुठल्याशा लग्नात त्यांनी आमची पाठवणी ऐकली होती.

"शमशुद्दीन," ते म्हणाले, "हुसेननं केरबाचं भ्या घातलं ते बरंच झालं बघ. कसा जाग्यावर आला तुझा हात!"

शेजारी नबी सरळ बसला. त्यानं श्वास ओढला, अप्पांकडे तोंड वळवलं आणि बोलायला ओठ उघडले. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याच्या आधीच बोललो.

"व्हय अप्पा," मी म्हटलं. "लई पळत हुता. आला आता जाग्यावर."