तिघांनाच ठाऊक होतं

दाजींनी मला जानकीपुरमच्या त्यांच्या घरी बोलावलं ते जेवायला नव्हे, हे पाणीसुद्धा पुढे आलं नाही तेव्हाच कळलं. चंद्रहास दाजी युनिव्हर्सिटीत तर्कशास्त्र शिकवतात. शिकवोत बापडे. पण घरीही माणसांना बाकावर बसवून तपासतात, याचा मला इतकी वर्षं संताप येत आलाय.

माझ्या भाचीचं, मुक्ताचं, लग्न मोडलं होतं. छावणीतल्या एका मराठी कॅप्टनशी ठरलं होतं. सकाळी त्याच्या आईचा फोन आला, मुलीला फिट येतात हे तुम्ही लपवलंत. फिट येऊन वर्षं लोटली, पण गोळ्या चालू आहेत. सांगायचं नाही, हे दाजींनीच ठरवलं होतं.

दाजींनी माझ्यासमोर तीन बोटं धरली. "गोळ्यांचं तिघांनाच ठाऊक होतं. मला, वसुधाला आणि तुला. मी बोललो नाही. वसुधा बोलली नाही. उरलं कोण?"

"मी कुणाला सांगितलं नाही, दाजी."

"तू तसं म्हणणारच." ते वसुधाताईकडे वळले. "तिघांनाच ठाऊक होतं, मान्य?"

"हो."

"मी सांगितलं नाही, मान्य?"

"हो."

"तूही नाहीस. मग यानंच सांगितलं, हे तुला मानावंच लागेल. न मानशील तर वेडी ठरशील. आणि यापुढे हा या घराची पायरी चढणार नाही."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्याहून जास्त, खरं सांगतो, भीती वाटली. या शहरात ताईखेरीज माझं म्हणावं असं कोणी नाही. तिनं नुसती मान डोलावली असती तरी सगळं संपलं असतं.

ताई मटार सोलत होती. तिनं ताट बाजूला सरकवलं.

"अनुपनं सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "तुमचं गणित बरोबर असेल, पण उत्तर मला पटत नाही. म्हणजे आधी 'हो' म्हटलं त्यातलं एखादं चुकलंय. ते मी परत घेते."

"कोणतं?"

"तुम्ही सांगितलं नाहीत, ते."

दाजींचा चेहरा उतरला. "नवऱ्याला खोटारडा ठरवतेस?"

"माझ्या भावाला ठरवताना तुम्हाला काही वाटलं?"

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. लग्न जिचं मोडलं, तिला सकाळपासून कोणी हाकसुद्धा मारली नव्हती.

"बस करिए, बाबा," मुक्ता म्हणाली. इकडेच हिंदीत वाढलेली पोर, तिच्या तोंडी हिंदीच येते. "मैंने बताया है उन्हें. खुद."

"पण ठाऊक तर तिघांनाच..." दाजींच्या तोंडून निघून गेलं.

"गोली खाता कौन है, बाबा?"

मी मघापासून तडफडत होतो, पण तिघांच्या आकड्याला हरकत मीही घेतली नव्हती. ताईनंही नाही. मला त्या पोरीकडे बघवेना.

"आम्हाला न विचारता सांगितलंस?" दाजींनी शेवटी विचारलं.

"छुपाने से पहले आपने मुझसे पूछा था?"

दाजींची तीन बोटं अजून तशीच होती. मुक्तानं पुढे होऊन ती स्वतःच्या हातानं मिटली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, बैठिए. खाना खाके जाइए."