तारेची कूस

माझे साडू इंजिनिअर आहेत, हे त्यांनी सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ते सांगतात.

त्या रविवारी सकाळी सासऱ्यांच्या गच्चीवर त्यांनी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचाची, अँटेनाची तार बांधायला घेतली. ज्या बेटावरून हाक यायची होती ते दक्षिणेला, म्हणून होकायंत्र काढून दक्षिण शोधली, मधल्या खांबावरून तारेची दोन टोकं दक्षिणोत्तर ताणली आणि बंदूक रोखल्यासारखं बोट करून म्हणाले, बेट बरोब्बर समोर आहे. मी हसू गिळलं. अशी तार टोकांच्या दिशेला जवळजवळ बहिरी असते. तिला ऐकू येतं ते दोन्ही कुशींना. एवढं माझ्यासारख्या बारावी नापास वायरमनला कळतं. पण मला विचारतो कोण? मी शिडी धरायला होतो.

सासऱ्यांचा धाकटा भाऊ त्या बेटावरच्या हवामान केंद्रात होता. आईच्या शेवटच्या आजारपणात तो आला नाही, तेव्हापासून अकरा वर्षं दोघांचा अबोला. आता त्यानेच एका ओळखीच्या हॅम रेडिओवाल्याकडून निरोप धाडला होता. रविवारी चारला हाक मारीन. उत्तर आलं नाही तर दादाचा राग गेला नाही असं समजेन, पुन्हा त्रास देणार नाही.

साडेतीनपासूनच सासरे इस्त्रीचा शर्ट घालून सेटसमोर बसले. चार वाजले. नुसती खरखर. साडू बटणं पिळत हवेला दोष देत होते. मी दाराला टेकून गंमत बघत होतो. त्यांनी एकदा विचारलं असतं, तर सांगितलं असतं. नाक मुठीत धरून यावं, एवढीच माझी अपेक्षा.

सव्वाचारला सासऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग मात्र मला राहवेना. गच्चीवर धावलो, टोकं सोडली, एक पूर्वेला पाण्याच्या टाकीला बांधलं, दुसरं पश्चिमेला जिन्याच्या कठड्याला. पाच मिनिटांचं काम.

खाली आलो तर आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ.

"...वीस मिनिटं हाक मारतोय. दादाचा राग तसाच आहे तर. ठीक आहे, बंद करतो."

सासऱ्यांनी माइकचं बटण दाबलं. "अरे, ऐकतोय मी. ऐकतोय." किती वेळा म्हणाले, मोजलं नाही. पलीकडे खरखर.

मी काय केलं, ते साडूंनी विचारलं. मी सांगितलं. सासरे माझ्याकडे वळले.

"जावईबापू, तुम्हाला हे सकाळीच माहीत होतं?"

साडू मान खाली घालून उभे होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.