जप करणारे मासे

२०२३ साल, वैशाखाचे दिवस. मेडशीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी हिवरझरी नावाचं गाव आहे. तिथल्या तलावाच्या पाळीवर भल्या पहाटे इतकी माणसं जमत, की रोज दोघे-चौघे पाय घसरून पाण्यात पडत आणि तेच तीर्थस्नान झालं म्हणून आनंदाने बाहेर येत.

तलावातले मासे जप करू लागले होते.

दिसायचं ते खोटं नव्हतं. शेकडो कतला आणि रोहू काठाशी यायचे, डोकी पाण्याबाहेर काढायचे आणि तोंडं उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे. समोर पाटावर बसलेले मत्स्यानंद महाराज दोन्ही हात उंचावून म्हणत, "बोला माह्या बाळांनो, ह-री!" आणि मासे तोंड उघडत. महाराज गप्प बसले असते तरी मासे तोंड उघडतच राहिले असते. पण गप्प बसणं महाराजांच्या स्वभावात नव्हतं.

"पाहा! मानसाले देवाचं नाव घ्यायची लाज वाटते, अन् मासोळी घेऊन राह्यली! सूर्य वर आला का त्यायचं मौन सुरू. असं तप हिमालयातबी नाही पाहिलं म्या!"

खरोखरच ऊन चढलं की मासे खाली जात. मग माणसंही आपापल्या घरी जात. पण जाण्याआधी कणकेचे गोळे, गूळ, दूध, फुलांचे हार, भिजवलेली डाळ, जे आणलं असेल ते तलावात लोटून जात.

सोजरबाई भोई हे सगळं पलीकडच्या बाभळीखालून पाहत होती. हा तलाव तिच्या डोळ्यांसमोर झालेला. बहात्तरच्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. आईच्या मागे मातीची टोपली डोक्यावर घेऊन याच पाळीवर चढायची. पहिलं पाणी भरलं तेव्हा कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची बोटं दिसत. बाया घागरी भरून नेत आणि गाळत नसत. पुढे उतारावरच्या शेतांत सोयाबीन आलं, त्याच्या मागोमाग खताच्या गोण्या आल्या. दर पावसाळ्यात खत धुऊन तलावात उतरू लागलं आणि पाणी हिरवं होत होत आता डब्यातल्या रंगासारखं दाट झालं होतं. तरी मासे होते. भोयांच्या सोसायटीकडे तलाव होता आणि सोसायटीत जाळं टाकणारी आता सोजरबाई आणि तिच्या दोन जावा एवढ्याच उरल्या होत्या. पावसाळ्यात सोडलेली बोटभर पिल्लं वैशाखात हातभर होत. त्यावरच तिघींचं वर्ष निघे.

आणि नेमकी वैशाखातच, मासे भक्त ठरले म्हणून, गावाने जाळ्याला बंदी केली.

ती नानाजींकडे गेली. नानाजी गावचे मोठे जमीनदार. महाराजांचा मंडप त्यांचा, जेवण त्यांच्या घरचं.

"नानाजी, मासोळी जप नाही करून राह्यली. तिले दम लागला. पाण्यातली हवा सरून राह्यली. जाळं टाकू द्या, नाही तं एका दिवशी सारी मरन."

"अवं सोजरबाय, भक्ताईले कापून खातं काय तू?" नानाजी म्हणाले. मंडपातली माणसं हसली.

"मंग मरळ काहून जप करत नाही? थे वर येते, हवेचा एक घोट घेते अन् चालली जाते. तिले देव नाही काय?"

प्रश्न बरोबर होता. महाराजांनी डोळे मिटून उत्तर दिलं, "मरळ दुसऱ्या मासोळ्या खाते. पापी योनी. तिच्या तोंडी नाव कसं येईन, माय?"

टाळ्या पडल्या. सोजरबाई तिथून निघाली ती थेट शाळेत, पौर्णिमा मॅडमकडे. पौर्णिमा मेडशीची, बौद्ध घरातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. तिने सोजरबाईचं सगळं ऐकून घेतलं, मरळीबद्दल दोनदा विचारलं आणि म्हणाली, "मावशी, उद्या पहाटे दोन टप अन् चार मासे द्या मले."

दुसऱ्या पहाटे गर्दीसमोर दोन टप मांडले गेले. दोन्हींत तलावाचंच पाणी. एका टपातलं पाणी पौर्णिमाने दोन बादल्यांनी उंचावरून पन्नास वेळा खाली-वर ओतून घेतलं, दुसरं तसंच ठेवलं. दोन-दोन मासे सोडले. न हलवलेल्या पाण्यातले मासे लगेच वर येऊन तोंडं उघडू लागले. ओतलेल्या पाण्यातले तळाशी जाऊन निवांत पोहू लागले.

"महाराज, या ओतलेल्या पाण्याच्या टपावर मंत्र म्हना," पौर्णिमा म्हणाली.

महाराजांनी म्हटला. आधी हळू, मग मोठ्याने, मग घाम येईपर्यंत. मासे वर आले नाहीत.

"महाराज, याईचं मौन आताच सुरू झालं काय?" पाचवीतल्या साधनाने विचारलं. तिच्या आईने तिला तिथेच चापट मारली.

मग पौर्णिमाने न हलवलेल्या टपातलं पाणीही उंचावरून ओतलं. थोड्या वेळात ते मासेही खाली गेले. सगळ्यांनी पाहिलं.

नानाजी बोलले. "मॅडम, तुमच्या वस्तीत देव मानत नाही. तुमाले मासोळीतला देव कसा दिसन?"

"देव राहू द्या, नानाजी. टपातले मासे पाहा."

पण कोणाला पाहायचं नव्हतं. शुक्रवारी याच माशांच्या नावाने पाळीवर मंदिराचा पाया भरायचा होता.

सोजरबाईने वर पाहिलं. आभाळ भरून आलं होतं आणि झाडाचं पान हलत नव्हतं. "ऊन नाही, वारा नाही. उद्याची सकाळ याईले नाही भेटत," ती म्हणाली आणि खांद्यावरचं जाळं सोडून पाण्यात उतरली.

चौघांनी तिला केसांना धरून बाहेर ओढलं. भक्तांवर जाळं टाकलं म्हणून एकवीस वेळा काठाच्या दगडावर नाक घासायची शिक्षा नानाजींनी ठरवली. पौर्णिमा मध्ये पडली. तिला दोघींनी दंडाला धरून मागे ठेवलं. मोजणाऱ्या बायांत तुळसाबाई होती. बहात्तर साली तीही सोजरबाईबरोबर टोपल्या वाहायची. अकराव्या वेळी दगडाला रक्त लागलं. तुळसाबाई थांबली नाही. बारा, म्हणाली. तेरा, म्हणाली. मागे पाण्यात मासे तोंडं उघडत होते, मिटत होते.

दुसऱ्या दिवशी तलाव पांढरा दिसत होता. काठापासून काठापर्यंत उलटी पोटं. जिवंत होती ती फक्त वर येऊन हवा घेणारी मरळ.

"समाधी!" महाराज ओरडले. "साऱ्याईनं एकदम समाधी घेतली! या बाईनं जाळं लावलं, तपभंग झाला!"

दुपारपर्यंत वासाने मंडपात बसवेना. जनावरं पाण्याला तोंड लावीनात. तेव्हा नानाजींचा ट्रॅक्टर चालवणारा रामधन पुढे आला.

"समाधी नाही बाप्पा, म्याच मारले. तीन आठवडे रोज कोंबड्याईच्या खताची एक ट्रॉली तलावात खाली करत होतो. महाराजच म्हने, तलावाले भोग दे, कोनाले सांगू नको. याले आनायले मी गेलो होतो. त्याआधी हा एका मासोळीच्या तळ्यावर राखणदार होता."

मग पौर्णिमाने सरळ सांगितलं. राखणदारीत या माणसाने पाहिलं होतं, की तळ्यात खत जास्त पडलं की पहाटे मासे वर येतात. खत, कणीक, दूध, हार कुजतात आणि कुजताना पाण्यातली हवा खातात. हिरवं शेवाळ उन्हात हवा सोडतं, पण अंधारात तेही हवा ओढून घेतं. म्हणून पहाटे हवा सगळ्यात कमी, म्हणून तोंडं उघडी. ऊन आलं की हवा आली, की मासे खाली; महाराज म्हणत ते मौन हेच. ज्या दिवशी ऊन आलं नाही, त्या रात्री मासे गेले.

"ते देवाचं नाव नव्हते घेत," ती म्हणाली. "गुदमरत होते. तुमी हात जोडून पाहत होते, अन् रोज थोडं आणखी गुदमरवत होते. पुढच्या वेळी नमस्कार करायच्या आधी एकदा विचारा, हे काहून होऊन राह्यलं. एवढंच विचारा."

महाराज त्याच दुपारी जीपने गेले. हल्ली ते दोन तालुके पलीकडे एका धरणावर असतात. तिथलेही मासे पहाटे जप करू लागल्याचं ऐकू येतं. नानाजींनी तलावाच्या पाण्याचा भरवसा सोडून दोन बोअर खोदल्या, एक कोरडी गेली; मासे सोजरबाईच्या जाळ्यानेच मेले, असं ते अजून सांगतात. रामधनची नोकरी गेली. तो शेलूबाजारला जीप चालवतो. भावना दुखावल्याचा अर्ज झाला आणि पौर्णिमाची बदली मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर झाली. शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात ती मुलांसमोर दोन टप मांडते. साधना आठवीत आहे. तिची आई तिला मोठ्या माणसांच्या गर्दीत नेत नाही.

सोजरबाईच्या दोन्ही जावा कामाला पुण्याकडे गेल्या. ती मेडशीच्या बाजारात थर्माकोलच्या पेटीतून आलेले, बर्फात ठेवलेले परमुलखाचे मासे विकते. हिवरझरीच्या बाया तिच्याकडूनच घेतात, कारण ती वजनात मारत नाही. तुळसाबाईही घेते. काटा स्थिर होईपर्यंत ती दुसरीकडे पाहत राहते. माफी आजवर एकीनेही मागितलेली नाही.