मोरपीस आणि कोहळ्याचं फूल

धाम नदीच्या काठी वासुदेवरावांच्या वाडीत सकाळीच गर्दी उसळली होती. कोहळ्याचा वेल पावसाळाभर नुसता फुलून झडत होता. गावात नव्यानं आलेल्या महाराजांनी फुलांवरून मोरपीस फिरवलं आणि आठवड्यात कोहळी धरली!

"वांझ वेल फळला, मंग बाईची कूस काऊन नाई फळणार, माय?" महाराज गरजले. बाया पुढे सरकल्या.

त्यांत देवकाबाई होत्या; सोबत मूलबाळ नसलेली सून पौर्णिमा. देवकाबाईंची लेक वर्षाली गावच्याच शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं वहिनीचा हात धरला.

"जाऊ द्या ना, ताई," पौर्णिमा म्हणाली. "पीसच तर फिरवून राह्यले. त्यानं मले काय होते?"

वर्षालीनं हात सोडला.

थोड्याच दिवसांत पौर्णिमेच्या पोटात एका बाजूला कळा येऊ लागल्या. महाराज हसले. "फळ धरून राह्यलं. दवाखान्याची पायरी चढली तर गळून जाईन." पौर्णिमा आनंदानं कळा गिळत राहिली, आणि एका दुपारी स्वयंपाकघरात कोसळली.

सेवाग्रामच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. गर्भ पिशवीत नव्हता, नळीत रुजला होता. नळी फुटली होती. पौर्णिमा वाचली. "तो गर्भ वाढणारच नव्हता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण लवकर आणलं असतं, तर नळी कदाचित वाचली असती. आणि दिवस त्या मोरपिसाच्या आधीच गेले होते."

महाराज तोवर पसार झाले होते. तरी गाव म्हणत होतं, "पण कोहळी तर धरली ना?"

वर्षालीनं एका संध्याकाळी सगळ्यांना वाडीत बोलावलं. एखादीही माशी आत शिरू नये म्हणून तिनं दोन मादी कळ्यांना फडकी बांधली. "जिच्या खाली इवलंसं कोहळं असते, ते मादी फूल. नुसत्या देठावरचं ते नर. नराचा पिवळा पराग मादीवर पडला तरच फळ धरते. हे काम मधमाशांचं. औंदा कीटकनाशकाच्या फवाऱ्यांनी त्या राह्यल्याच नाईत. महाराजांनी पीस आधी नरावर फिरवलं, मंग मादीवर. बस."

दुसऱ्या सकाळी तिनं एका फुलाला चित्रकलेच्या ब्रशानं पराग लावला. दुसऱ्यावर वासुदेवरावांनी कोरं मोरपीस फिरवत महाराजांचा मंत्र म्हटला. दोन्ही फुलं पुन्हा बांधली.

आठवड्यानं फडकी सोडली. ब्रशाचं कोहळं मुठीएवढं झालं होतं. मंत्राचं पिवळं पडून फडक्यातच गळलं होतं.

"एवढंच होतं, मायवो?" देवकाबाईंचा आवाज फाटला.

"एवढंच, आई. म्हणून तर तो महाराज सकाळी फुलं उघडायच्या वेळीच यायचा."

बांधावर बसलेली पौर्णिमा तेव्हा बोलली. "वेलाले पीस पुरलं. मले डॉक्टर पाहिजे होता. बायांनो, पोटात दुखलं तर कोण्या बाबाले विचारू नका. दवाखान्यात जा."

देवकाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. पौर्णिमेनं सरकून जागा दिली. त्यांच्याकडे पाहिलं मात्र नाही.